वहिनींनी न पाहिलेला दिवा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि माझ्या पोटात काय शिजतंय ते तिला माझ्या चालण्यावरूनसुद्धा कळतं. इतक्या वर्षांत कितीदा तरी जिभेवर आलं आणि दर वेळी मी पाण्याच्या घोटाबरोबर परत गिळलं. तुमचं माझं नातं नाही, गोतं नाही. तेव्हा तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. जातंय का? नाही जात. तरी सांगतो.

गोष्ट गाडीच्या टायरची आहे. हसू नका. मला वाटतं, मोठी पापं माणूस जपून करतो, आणि असली बारीकसारीक करताना त्याला कुठं काय होतंय याचा पत्ताच नसतो. पण थांबा — मला पत्ता होता. तेच तर सांगायचं आहे.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. आम्ही बेंगळुरातले जुने मराठी, पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. वडील म्हणायचे, आपला मूळपुरुष कुणा सरदाराच्या मागे घोड्यावरून आला आणि घोडं दमलं म्हणून इथेच राहिला. घरात बोलायला मराठी, भांडायला कन्नड. जे. पी. नगरात घर: खाली आई, मी आणि माझी बायको, वर माझा थोरला भाऊ अण्णा, वहिनी आणि त्यांची लहान मुलगी. अण्णा बरीच वर्षं आखातात होता. कायमचा परत आला तो तिथली गाडी घेऊनच. लांबलचक, करड्या रंगाची, अमेरिकन बनावटीची, स्टिअरिंग डाव्या बाजूला. होसकोट्याला त्यानं प्लास्टिकच्या डब्यांचा कारखाना काढला, पण गल्लीत त्याचं नाव झालं ते गाडीमुळे.

त्या गाडीची खासियत होती टायर. रनफ्लॅट म्हणतात त्यांना. पंक्चर झालं, हवा पार निघून गेली, तरी ते बसत नाहीत; त्यांच्या भिंतीच इतक्या जाड की गाडीचं वजन त्याच पेलतात. म्हणून डिकीत स्टेपनी नाही. लोक आपल्या गाडीत काय काय आहे ते दाखवतात — आमचा अण्णा पाहुण्यांना डिकी उघडून काय नाही ते दाखवायचा. हवा गेलेली चालवणाऱ्याच्या हाताला कळत नाही, म्हणून डॅशबोर्डवर एक लाल दिवा होता. दिवा लागला की वेग कमी करायचा, रस्त्यात थांबायचं नाही, आणि तशीच गाडी टायरवाल्यापर्यंत न्यायची. "बाईमाणूस आडवाटेला अडकायला नको," अण्णा म्हणायचा. बाईमाणूस म्हणजे वहिनी.

वहिनींना गाडी मी शिकवली. हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळेच जास्त काळं आहे.

अण्णाला शिकवण्याचा धीर नव्हता, तो दुसऱ्या मिनिटाला ओरडायचा. मी सरकारी कारखान्यात नोकरीला, पहिली पाळी संपली की मोकळा. आणि गाड्यांचं मला लहानपणापासून वेड. घरातल्या वाहनांची देखभाल माझ्याकडेच असायची. आमच्या जुन्या फियाटवर, वस्तीबाहेरच्या मोकळ्या माळावर, वहिनी क्लच सोडायला शिकल्या. पुण्याच्या त्या. तिथं कॉलेजला लूनावरून जायच्या, त्यामुळे भीती अशी नव्हतीच. वर्षभरात ती लांबलचक गाडी त्या अशा चालवू लागल्या की मी शेजारी बसून डुलकी काढावी. माझ्यापेक्षा चांगली चालवायच्या. हे तेव्हा तोंडातून निघालं नसतं माझ्या, आज लिहितो.

एकदा तर गंमतच झाली. वहिनी डावीकडे बसून चालवतायत, उजवीकडे आई मांडीवर ताट घेऊन अवरेकाय सोलत बसलेली. सिग्नलला ट्रॅफिक पोलीस धावत आला — म्हातारी ड्रायव्हरच्या जागी बसून शेंगा सोलते म्हणजे काय! मग त्यानं स्टिअरिंग कुठं आहे ते पाहिलं, कपाळावर हात मारला आणि आईपुढे हात पसरला, "अव्वा, स्वल्प नमगू कोडी," म्हणजे थोडे आम्हालाही द्या. आईनं त्याला मूठभर दाणे दिले. घरी येऊन वहिनी हे सांगताना इतक्या हसल्या की पदरानं डोळे पुसत होत्या.

त्यांना मी एक गोष्ट पुनःपुन्हा बजावली होती. म्हणालो होतो, "वहिनी, या टायरचं हाताला काही कळत नाही, तेव्हा हातावर विश्वास ठेवू नका. शंका आली की दिव्याकडे बघायचं. दिवा नाही, तर काही नाही." आणि त्या बघायच्या. खड्डा गेला की बघायच्या, वळण घेतलं की बघायच्या. इतक्या की मीच त्यांना चिडवायचो, देवाला नाही एवढा नमस्कार या दिव्याला करता म्हणून.

आता आईच्या पाठीकडे येतो. म्हणजे माझ्या पापाला जी चांगली सुरुवात होती तिच्याकडे. सगळ्याच पापांना असते म्हणा.

ते टायर दगडासारखे टणक. आपले रस्ते हे असे. आईच्या मणक्यांत दुखणं होतं, प्रत्येक खड्ड्याला ती "अगं आई गं" म्हणायची. "मेली बैलगाडी परवडली," असं तिनं अण्णाच्या तोंडावर सांगितलं. मी अण्णाला म्हटलं, साधे टायर घालू, मऊ चालेल. तो हसला. "तुला स्कूटरच्या पलीकडचं काय कळतं रे?" सगळ्यांसमोर. माझ्या बायकोसमोर. वर्षानुवर्षं आईला दवाखान्यात नेणारा मी, रात्रंदिवस तिचं करणारा मी, आणि कळत मात्र आखातातून आलेल्याला.

पुढे अण्णा मशिनं बघायला परदेशी गेला, चांगला दीड-दोन महिने. तेवढ्यात मी गाडी ओळखीच्या टायरवाल्याकडे, मंजुनाथकडे नेली आणि चारही टायर बदलून टाकले. साधे घातले. कुणाला विचारलं नाही. काळं ते काळं, गोल ते गोल — कोण वाकून बघतंय?

अडचण एकच झाली. जुन्या टायरच्या आत हवेवर लक्ष ठेवणारी एकेक डबी होती, ती काढताना मोडली. मग तो लाल दिवा पेटला तो विझेचना. मंजुनाथ डोकं खाजवत उभा. मी म्हटलं, "त्याचा बल्बच काढून टाक." कल्पना माझी. त्याची नव्हे, माझी. तो म्हणाला, "सरी सार," आणि डॅशबोर्डची पट्टी उघडून शेंगदाण्याएवढा बल्ब माझ्या तळहातावर ठेवला. मी तो कापसात गुंडाळून स्कूटरच्या डिकीत टाकला.

स्टेपनी? स्टेपनी ठेवली असती तर अण्णाला दिसली असती. ठेवली नाही.

वहिनींना का नाही सांगितलं? हा प्रश्न तुमच्या आधी मी स्वतःला हजारदा विचारला आहे. त्या अण्णापासून काही लपवायच्या नाहीत, हे एक. दुसरं सांगायला लाज वाटते. अण्णा परत आल्यावर आईला घेऊन फिरायला गेला. आई घरी येऊन शेजारणीला म्हणाली, "आता कशी पालखीसारखी चालते! थोरल्यानं काय ती जादू केली." अण्णा म्हणाला, रस्ते सुधारले असतील, आणि नाही तरी भारी गाडी जरा रुळली की मऊ होतेच. मी तिथंच उभा, हातात पोह्यांची बशी. आईनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला त्या क्षणी दगा दिल्यासारखं वाटलं — आईनं, अण्णानं, सगळ्या घरानं. बोलताही येईना. मग मी मनातल्या मनात एक घाणेरडी मजा घ्यायला लागलो. ज्या टायरची फुशारकी मारतोस ते टायर गाडीला नाहीतच, हे फक्त मला ठाऊक! अण्णा पाहुण्यांना रिकामी डिकी दाखवायचा आणि मी मागे उभा राहून गालातल्या गालात हसायचो. ती मजा मला सोडवेना. वहिनींना सांगितलं असतं तर ती गेली असती.

आता साधे टायर. स्टेपनी नाही. दिव्यात बल्ब नाही. आणि चालवणारी बाई अशी, जिला मीच शिकवलंय की दिवा नाही तर काही नाही. हे सगळं मला रोज दिसत होतं. कळलं नाही असं मी म्हणू शकत नाही.

चैत्र होता. होसकोट्याला मावशीकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू. अण्णा कामाला चेन्नईला गेलेला. वहिनी आईला घेऊन निघाल्या, डब्यात आंब्याची डाळ. त्या आठवड्यात माझी दुसरी पाळी, मी कामावर निघालो होतो. वहिनींनी काच खाली करून विचारलं, "भावजी, गाडी ठीक आहे ना? परवा जरा वेगळी लागत होती हाताला."

म्हणजे त्यांना कळत होतं. हाताला कळत होतं. तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं मला, फक्त एक. मी म्हणालो, "ठीक आहे वहिनी. दिवा बघत जा."

तेव्हा मारतहळ्ळीच्या पलीकडे शेतं आणि नीलगिरीची बनंच होती. तिथून पुढे गेल्यावर गाडी उजवीकडे ओढू लागली. वहिनींनी दिव्याकडे पाहिलं. दिवा नाही. रस्त्याचा उतार असेल म्हणाल्या. पुन्हा ओढली, पुन्हा पाहिलं. आई शेजारी झोपलेली. एका वळणावर टायर रिंगमधून सुटला आणि गाडी नीलगिरीच्या कडेच्या चरात गेली. आईचं मनगट मोडलं. वहिनींच्या कपाळाला खोक. आणखी कुणाला काही झालं नाही — असं आम्ही पुढे सगळ्यांना सांगत राहिलो.

वहिनींनी कुठल्याशा एस.टी.डी. बूथवरून माझ्या कारखान्यात फोन केला. मी मंजुनाथला मागे बसवून स्कूटरवरून गेलो. आई रस्त्याकडेच्या दगडावर बसलेली, हात सुजलेला. वहिनींचे ओठ पांढरे. त्या एवढंच म्हणत होत्या, "दिवा नाही लागला हो भावजी. मी बघत होते. नाही लागला." मी म्हटलं, आधी दवाखाना. दोघींना रिक्षात बसवलं. मी सोबत गेलो नाही. गाडीचं बघतो म्हणालो.

आईचा हात मोडलेला होता आणि मी स्कूटरची डिकी उपसत होतो. कापूस सापडला. मंजुनाथनं पट्टी उघडली आणि बल्ब जागेवर बसवला. तो माझ्याकडे बघत नव्हता. मीही त्याच्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा परस्पर गॅरेजात आला. वहिनी कपाळावर पट्टी बांधून आल्या होत्या, त्यांना दाखवायचं होतं. त्याला हात धरून त्यांनी डॅशबोर्डपाशी नेलं आणि म्हणाल्या, "अहो, हा बिघडलेलाच असणार. किल्ली फिरवून बघा तुम्ही." त्यांना खात्री होती. अण्णानं किल्ली फिरवली.

दिवा लागला. लालभडक, लख्ख.

वहिनींचा चेहरा मी अजून पाहतो. त्या वाकल्या, काचेवर बोट ठेवलं, बोट काढलं. मग माझ्याकडे वळल्या. सगळं जग सोडून माझ्याकडे — कारण त्या कशा चालवतात ते मला जेवढं माहीत होतं तेवढं कुणालाच नव्हतं. "भावजी, तुम्ही सांगा यांना. मी दिवा बघते की नाही?"

मी सांगितलं. मी म्हणालो, "बघतात. पण वहिनींचं लक्ष जरा बोलण्यात असतं. मी मागेच म्हणणार होतो, अजून हायवेला नको."

ही माझी कबुली. टायर नव्हे, बल्बही नव्हे. हे वाक्य. ते बोलायला मला कुणी भाग पाडलं नव्हतं. नुसता गप्प राहिलो असतो तरी माझं भागलं असतं. मग का बोललो? दिवा लागला तेव्हा अण्णाच्या कपाळाला एक आठी पडली होती, आणि ती आठी माझ्याकडे वळू नये म्हणून बोललो. बस्स. भित्रा माणूस किती तत्पर असतो ते तेव्हा कळलं.

वहिनी गाडीपासून बाजूला झाल्या. रडल्या नाहीत. अण्णाही ओरडला नाही, आणि तेच वाईट झालं. फाटलेल्या टायरकडे कुणी बघितलंच नाही. मी म्हटलं, तसले टायर इथं मिळत नाहीत, आता साधेच घालू, दिवा काढून टाकू, डिकीत स्टेपनी ठेवू. अण्णा म्हणाला, तुला योग्य वाटेल ते कर. म्हणजे जे चोरून केलं होतं ते आता राजरोस झालं. कसं जमून आलं बघा!

त्यानंतर वहिनींनी स्टिअरिंगला हात लावला नाही. अण्णानं त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डोळे उत्तम निघाले. "मग लक्षच नव्हतं," अण्णा म्हणाला. आईनं मोडलेल्या हाताबद्दल एका शब्दानं दोष दिला नाही, पण पुढे दोघी कुठं निघाल्या की म्हणायची, "रिक्षा बोलाव गं." आमच्याकडे आयुधपूजेला घरातला प्रत्येक जण आपापलं हत्यार देवीपुढे ठेवतो — अण्णा कारखान्याचा साचा, मी पान्हे, आणि वहिनी दोन वर्षं आपलं ड्रायव्हिंग लायसन्स ठेवायच्या. त्या वर्षी त्यांनी विळी आणून ठेवली. मी हळदकुंकू वाहिलं तिला, सगळ्यांच्याबरोबर.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी कसाबसा जगलो असतो. पण वहिनींचा स्वतःच्या डोळ्यांवरचा भरवसाच गेला. गॅस बंद केला की मुलीला म्हणायच्या, "तू बघ गं, खरंच बंद आहे ना?" कुलूप लावून पायऱ्या उतरायच्या आणि मला विचारायच्या, "भावजी, मी लावलं ना? तुम्ही पाहिलंत ना?" मला विचारायच्या! आणि मी म्हणायचो, हो वहिनी, पाहिलं. ज्याच्यामुळे गेलं त्याच्याकडेच त्या मागत होत्या. असा दगा मी दुसरा पाहिलेला नाही, आणि तो माझ्या हातचा आहे.

आई गेली. अण्णाही गेला, काही वर्षं झाली. मंजुनाथचं दुकान होतं तिथं आता कपड्यांची शोरूम आहे. सांगितल्यानं ज्यांचं काही बिघडेल असं माझ्याशिवाय कुणी उरलं नाही. तरी नाही सांगितलं.

यंदा वहिनींच्या मुलीनं, माझ्या पुतणीनं, नवी गाडी घेतली. कंपनीतून येऊन मोठ्या हौसेनं आईला म्हणाली, "चल, तुला परत शिकवते. तू चालवायचीस ना!" मी तिथंच चहा पीत होतो. वहिनी आता सत्तरीच्या जवळ आल्या आहेत. त्यांनी मुलीचा हात हातात घेतला आणि शांतपणे म्हणाल्या, "नको गं. तुला कधी सांगितलं नाही. त्या दिवशी दिवा लागला होता. मला आता स्पष्ट आठवतो, लाल. मी पाहिला आणि तशीच पुढे गेले. आजीचा हात माझ्यामुळे मोडला. तेव्हा मी खोटं बोलले सगळ्यांशी." मग माझ्याकडे बघून किंचित हसल्या. "भावजींना सगळं कळलं होतं. पण फार नाही बोलले. सांभाळून घेतलं मला त्यांनी."

पुतणीनं माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, "जाऊ द्या हो वहिनी, जुनी गोष्ट."